गोळी कोणत्या भाषेत गिळायची?

कापसावर मारायच्या विषाच्या बाटलीला मराठी येते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे तिचे लेबल आणि आतले माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि जिथे माल विकला जाणार तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत छापावे लागते. म्हणून यवतमाळच्या शेतकऱ्याला बोंडअळी कशी मारायची ते स्वतःच्या भाषेत वाचता येते. पण त्याच शेतकऱ्याला उद्या रक्तदाब निघाला, तर मेडिकलमधून त्याच्या हातात येणाऱ्या चकचकीत पट्टीवर मराठीचे एक अक्षर नसते. अळी मारण्याची कृती मायबोलीत आणि माणूस जगवण्याची परक्या बोलीत! हे नियम ज्यांनी केले, त्यांनी दोन्ही फायली कधी एका टेबलावर ठेवून पाहिल्या असतील का?

यावर ठरलेले उत्तर येते : पट्टीचे काय घेऊन बसलात, दुकानात फार्मासिस्ट असतो ना सांगायला! असतो, आणि कायद्यानेच असतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कुणी द्यायचे नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर त्याने रुग्णाला काय काय सांगायचे याची यादीच करून दिली. औषध कोणते, कशासाठी, किती, कसे, किती दिवस. खबरदारी काय, दुष्परिणाम कोणते, ठेवायचे कुठे, एखादी मात्रा चुकली तर करायचे काय. आणि हे रुग्णाने विचारायची वाट न पाहता, आपणहून सांगायचे. यादी उत्तम आहे, माझी तिच्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. पण यातले एक तरी काम तोंड न उघडता होते का? आणि तोंड उघडायचे, तर कोणत्या भाषेत?

त्याच कायद्याचे कलम ३२ उघडा. फार्मासिस्ट म्हणून नोंदणी हवी असेल, तर वय १८ पूर्ण पाहिजे, ठरलेले शिक्षण पाहिजे, फी भरली पाहिजे आणि तुम्ही त्या राज्यात राहणारे किंवा व्यवसाय करणारे पाहिजेत. म्हणजे नोंदणी राज्याची, परिषद राज्याची, रजिस्टर राज्याचे. राज्यातल्या माणसांशी बोलता येते का, एवढाच प्रश्न कुणाला सुचला नाही. २०२२ मध्ये डिप्लोमावाल्यांसाठी एक्झिट परीक्षेचे नियम आले. चला, आता तरी काउंटरवरचे कौशल्य तपासतील, असे वाटले होते. निघाले काय? बहुपर्यायी प्रश्न. चारातला एक गोल काळा करा आणि फार्मासिस्ट व्हा. रुग्ण काही चार पर्याय घेऊन दुकानात येत नाही. तो खोकत येतो, घाबरलेला येतो, मुलाला कडेवर घेऊन येतो आणि अर्धवट काहीतरी सांगतो. ते समजून घेणे हीच त्या माणसाची खरी परीक्षा, आणि तीच कुणी घेत नाही.

बी. फार्मचा अभ्यासक्रम पाहा. पहिल्या सत्रात ‘कम्युनिकेशन स्किल्स’ नावाचा स्वतंत्र विषय आहे. त्याच्या प्रात्यक्षिकांत काय शिकवतात? व्यंजनांचे आणि स्वरांचे उच्चार, डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच, फिगर्स ऑफ स्पीच, मुलाखत कशी द्यावी, ई-मेलचे शिष्टाचार. अलंकार! ज्याला पुढे आयुष्यभर ‘ही गोळी चावू नका, जिभेखाली ठेवा’ हे सांगायचे आहे, त्याला आपण इंग्रजीतला उपमा-रूपकाचा भेद शिकवतो. रुग्ण-समुपदेशन म्हणजे पेशंट कौन्सेलिंग पुढे एका सत्रात येते, नाही असे नाही. पण तेही मुलगा इंग्रजीत वाचतो, इंग्रजीत पाठ करतो आणि इंग्रजीत लिहून मार्क मिळवतो. मराठीत ते कधी तोंडातून काढलेच नाही, तर काउंटरवर अचानक कुठून उगवणार?

उगवत नाही. मी पाहिले आहे. तालुक्याच्या गावातले मेडिकल, बाजारचा दिवस, माझ्या पुढे एक आजी. बोटांची पेरे सुजून वाकडी झालेली, म्हणजे जुना संधिवात. चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट होते. काउंटरवर पांढऱ्या कोटातला तरुण फार्मासिस्ट, बोलीवरून त्याच तालुक्यातला, आडनावानेही अस्सल मराठी. तो म्हणाला, “मावशी, ही वीकली वन्स, आफ्टर फूड. आणि ही फॉलिक, बाकीच्या डेजला कंटिन्यू.” आजीने मान डोलावली. आपल्याकडे समोरचा शिकलेला असला की म्हातारी माणसे मान डोलावतात. तो होकार नसतो, ती भीड असते. पैसे देऊन ती वळली, तेव्हा मी विचारले, “आजी, ही पिवळी गोळी कशी घेणार?” म्हणाली, “रोज रात्री एक, जेवून.”

मेथोट्रेक्सेट काय चीज आहे ते सांगतो. संधिवातावर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड आतून सोलवटते, हाडांच्या मगजातले रक्त तयार होणे मंदावते, अंगातल्या पांढऱ्या पेशी घसरतात आणि माणूस साध्या जंतुसंसर्गाने दगावू शकतो. ही चूक जगभर होते, इतकी की औषधसुरक्षेच्या प्रत्येक इशाऱ्यात तिचे नाव असते. त्या फार्मासिस्टला हे सगळे ठाऊक असणार. परीक्षेत लिहून आला असेल. त्याचे ज्ञान पक्के होते. ते त्या बाईपर्यंत पोचले नाही, आणि पोचले नाही हे त्याला कळलेही नाही.

आजीला मी परत काउंटरवर नेले. तेव्हा मागच्या फळीवरून खोकी उतरवणारा मदतनीस पुढे आला. मूळचा राजस्थानचा, लहानपणी आलेला. त्याने गोळी हातात घेतली. “आजी, ही पिवळी फक्त रविवारी. बाजार असतो ना, त्या दिवशी. बाकी सहा दिवस हिला हात लावायचा न्हाई. मला सांगा बरं परत, कधी घ्याल?” आजी म्हणाली, “बाजाराच्या दिशी.” त्याने पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘रविवार’ लिहिले, दुसऱ्या गोळ्यांचे पाकीट वेगळे बांधले आणि मगच तिला सोडले.

कायद्याच्या लेखी या दुकानात रुग्णाशी बोलायचा अधिकार कुणाला? ज्याला बोलता येत नाही त्याला. आणि ज्याने एका बाईचा जीव वाचवला तो कोण? नोंदणी नसलेला हमाल. मी त्या मदतनिसाला औषधे विकू द्या असे म्हणत नाही. औषधाचे शास्त्र लागतेच, आणि भाड्याने टांगलेल्या सर्टिफिकेटांवर चालणाऱ्या दुकानांचा मला मनापासून तिटकारा आहे. मी एवढेच म्हणतो की शास्त्र आणि भाषा मिळून एक फार्मासिस्ट होतो. अर्ध्याला नोंदणी देऊ नका.

आणि ही गोष्ट जन्माने मराठी असण्या-नसण्याची नाही, हे शहाण्या वाचकाला वेगळे सांगायला नको. खेड्यापाड्यांत मेडिकल चालवणारे कितीतरी मारवाडी-गुजराती दुकानदार गिऱ्हाइकाशी असे मराठी बोलतात की ऐकत राहावे. उलट घरात मराठी बोलणारा पदवीधर कोट घातला की ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एम्प्टी स्टमक’ सुरू करतो. ‘अनुशापोटी’ हा नेमका शब्द आजीला येतो, आईला येतो, त्याला वापरायची लाज वाटते. पाकिटावर १-०-१ खरडले की कर्तव्य संपले. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याने त्या शून्यातून दुपार कशी ओळखायची?

आता याच पदवीधराला लंडनला जाऊ द्या. बघा कसा सुतासारखा सरळ होतो. ब्रिटनची जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल त्याला इंग्रजीचा पुरावा मागते : आयईएलटीएसच्या चारही विभागांत किमान ७, नाहीतर ओईटीत प्रत्येक विभागात बी. तिथे हा मुलगा क्लास लावतो, पैसे मोजतो, आरशासमोर उभा राहून बोलतो. ओईटीच्या फार्मसीच्या पेपरात समोर रुग्ण म्हणून एक माणूस बसतो आणि पाच-पाच मिनिटांचे दोन संवाद करून दाखवावे लागतात. रुग्णाचे ऐकून घेतले का, त्याची भीती ओळखली का, सांगितलेले त्याला कळले का हे पडताळले का, यालाही गुण असतात. किती योग्य! लीड्सच्या आजीला समजावता येते का, हे तपासल्याशिवाय इंग्रज त्याला काउंटरवर उभा करत नाही. लातूरच्या आजीसाठी मात्र त्याला कुणी एक प्रश्न विचारत नाही.

परदेशी परीक्षांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्यांचाही मूर्खपणा ढीगभर आहे. आयईएलटीएसच्या ॲकॅडेमिक पेपरात आलेख पाहून दीडशे शब्दांत वर्णन लिहावे लागते. खोकल्याचे औषध देणाऱ्याला त्याचा उपयोग काय, ते परीक्षकच जाणोत. निकाल दोन वर्षांत शिळा होतो, जणू तिसऱ्या वर्षी माणूस इंग्रजी विसरतो. अमेरिकेच्या फार्मसी मंडळांची संघटना परदेशी पदवीधरांकडून वर्षानुवर्षे टोफेलमध्ये बोलण्याचे ३० पैकी २६ गुण मागत आली आणि ऐकण्याचे २१. फार्मासिस्टने बोलावे जास्त आणि ऐकावे कमी, असे ठरवणाऱ्यांनी आयुष्यात कधी औषधाच्या दुकानात पाऊल ठेवले होते का?

पण त्याच अमेरिकेत दुसरी बाजूही आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१२ मध्ये कायदा केला की ज्याला इंग्रजी येत नाही त्याला मोठ्या साखळी-दुकानांनी दुभाषा आणि लेबलचे भाषांतर मोफत द्यायचे. कॅलिफोर्नियात २०१६ पासून रुग्णाने मागितले तर औषध कसे घ्यायचे ते चिनी, कोरियन, रशियन, स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषांत द्यावे लागते. कॅनडातल्या क्वेबेकने तर १९७७ च्या भाषा-सनदेतच, कलम ३५ मध्ये, लिहून ठेवले की कामापुरते फ्रेंच येत नसेल त्याला कोणत्याही व्यावसायिक संघाने कायमचा परवाना देऊ नये. त्यांच्या भाषाभिमानातला आडमुठेपणा मला मान्य नाही. दिशा मात्र बरोबर आहे : भाषा रुग्णाची, ती शिकायचे ओझे परवानाधारकाचे. आपण ते ओझे उचलून रुग्णाच्या डोक्यावर ठेवले आहे.

आणि आपले मराठीचे कैवारी? ते पाट्या मोजत आहेत. २०२२ मध्ये दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी कायदा दुरुस्त झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत पाट्या बदला म्हणून मुदत मिळाली. पाट्या बदलल्या. मेडिकलच्या दारावर देवनागरीत नाव झळकले आणि आत पाकिटावर तेच १-०-१. त्याआधी २०१६ मध्ये परिवहन खात्याने रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची अट घातली होती. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. लक्षात घ्या, सरकारला भाषेची अट सुचली ती रिक्षावाल्यासाठी. तो चुकला तर तुम्ही फार तर भलत्या चौकात उतराल. मेथोट्रेक्सेट देणाऱ्यासाठी ती कुणाला सुचली नाही. कारण उघड आहे : रिक्षावाल्यावर गुरगुरणे सोपे, फार्मसी कॉलेजे काढणाऱ्यांवर गुरगुरणे अवघड. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मलाही अपार आनंद झाला. ज्या भाषेत लीळाचरित्र लिहिले गेले, त्या भाषेत ‘ही बाटली हलवून घ्या’ एवढे वाक्य औषधावर छापून घेण्याची ताकद तिच्या कैवाऱ्यांत असू नये?

विरोधक म्हणतील, मुंबईत सतरा भाषा, कुणाकुणाची शिकायची? अहो, आधी एक तर शिका. आणि खरोखर पुढे जायचे असेल तर माझ्याही पुढे जा : धारणीत कोरकू, धडगावात पावरी, भामरागडला माडिया. तिथल्या रुग्णापुढे मराठीही परकीच ठरते, आणि तिथे मराठीची सक्ती हे उत्तर नव्हे. तिथल्या मुलांना फार्मसीला पाठवा आणि त्यांची भाषा कामाची भाषा माना. दुसरे म्हणतील, डॉक्टर सांगतोच की. सरकारी दवाखान्यातल्या रांगेत उभे राहून पाहा, डॉक्टरला किती वेळ मिळतो ते. तिसरे म्हणतील, औषधांची नावे इंग्रजीतच असतात. असू द्या. नाव कुणी बदला म्हणत नाही. कोरड्या पावडरची अँटिबायोटिक बाटली घ्या. खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी घालायचे, हलवायचे, पुन्हा खुणेपर्यंत भरायचे, सांगितलेल्या दिवसांनंतर उरलेले फेकायचे. यातल्या कोणत्या शब्दाला इंग्रजी लागते? आणि यातली एक पायरी चुकली, तर बाळाच्या पोटात औषध कमी जाते किंवा जास्त.

तेव्हा राज्याच्या फार्मसी परिषदेला आणि वर दिल्लीत बसलेल्या कौन्सिलला माझे मागणे सरळ आहे. नोंदणीआधी दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्या. निबंध नको, व्याकरण नको, म्हणी-वाक्प्रचार तर अजिबात नकोत. टेबलावर पाच वस्तू ठेवा : आठवड्याला एकदा घ्यायची गोळी, जिभेखाली ठेवायची गोळी, श्वासाने ओढून घ्यायची कॅप्सूल, पावडरची बाटली, इन्सुलिनचे पेन. परीक्षक म्हणून प्राध्यापक बसवू नका. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातली पाच माणसे त्या दिवसाचा भत्ता देऊन बोलवा, त्यांतली दोन तरी निरक्षर असू द्यात. उमेदवाराने समजावून सांगायचे आणि त्यांनी परत सांगायचे. त्यांना बरोबर सांगता आले, तर रजिस्टरवर नाव चढवा. नाही आले, तर उमेदवाराला पुढच्या महिन्याची तारीख द्या, आणि तोवर त्याला काउंटरवर उभे करू नका.