शब्द पाठ, अर्थ सपाट

मुलांना रोज वीस इंग्रजी शब्द घोकायला लावण्याची टूम आता बडोद्यातील मराठी घरांतही रुजली आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एकच अर्थ, आणि महिनाअखेर सहाशे शब्द ‘झाले’ म्हणून पालकांना समाधान! आमच्या मते ही शब्दसंपत्ती नव्हे, शब्दांची शिरगणती आहे.

शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो. शासकीय सेवेत आम्ही आयुष्यभर ‘सँक्शन’ हा शब्द मंजुरी या अर्थाने लिहिला. पण १९८६ साली अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर ‘सँक्शन्स’ लादली, तेव्हा ती मंजुरी नव्हती. ते निर्बंध होते. ‘ओव्हरसाइट कमिटी’ म्हणजे देखरेख समिती. मात्र टिपणीत ‘ड्यू टू ओव्हरसाइट’ असे आले, की ती नजरचूक. विधेयक ‘टेबल’ झाले म्हणजे ब्रिटनमध्ये ते सभागृहापुढे आले. अमेरिकेत ते बाजूला पडले. घोकणाऱ्याने यांतला कोणता अर्थ पाठ करावा?

यावर काही शिक्षक सांगतात, की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मध्ये मराठी आणू नये. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. मोल्सवर्थ यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, तो मराठी शब्दांना स्वतःच्या भाषेचा आधार देऊनच. आणि नुसते प्रतिशब्द देऊन न थांबता शब्द कसा योजतात, हेही त्यांनी नोंदविले. आपल्याच बडोदे संस्थानाने १९३१ साली ‘सयाजीशासन शब्दकल्पतरु’ प्रसिद्ध केला, त्यात इंग्रजी प्रशासकीय संज्ञांपुढे मराठी, गुजराती, संस्कृत आदी भाषांतील प्रतिशब्द मांडले. मातृभाषा ही परभाषेच्या वाटेतील धोंड आहे, असे त्या जाणत्यांना वाटले नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. दिवसाला वीस नकोत, आठवड्याला पाचच शब्द घ्यावेत. प्रत्येकाचे निरनिराळे अर्थ मराठीत सांगावेत, प्रत्येक अर्थाचे एकेक इंग्रजी वाक्य द्यावे आणि एक वाक्य मुलाने स्वतः रचावे. मात्र त्यासाठी घरात मराठी जिवंत हवी. ‘मंजुरी’ आणि ‘निर्बंध’ हे शब्दच ज्याच्या कानावर पडले नाहीत, त्या मुलाला ‘सँक्शन’चे दोन अर्थ कोणत्या भाषेत समजावणार?