असल नकाशा आणि देखणी नक्कल

वास्तूच्या नकाशातील जाड, मध्यम आणि बारीक रेषांना पुष्कळ लोक सजावट समजतात. परंतु ज्याने एकदा तरी ड्रॉइंग बोर्डावर ट्रेसिंगचा कागद ताणून बसविला असेल, त्याला ठाऊक असते की, जेथे भिंत छेदली गेली तेथील रेषा सर्वांत ठळक, छेदापलीकडे नुसत्या दिसणाऱ्या वस्तूंची तिच्याहून हलकी आणि फरशीच्या सांध्यांची सर्वांत बारीक, हा क्रम म्हणजे नकाशाचे व्याकरणच होय. शाईच्या पेनांची ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर ही मालिका याच व्याकरणाच्या सोयीसाठी ठरली असून, तीतील प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या सुमारे १.४ पट असल्यामुळे प्रमाणित कागद लगतच्या आकारात मोठा वा लहान केला तरी रेषांचे परस्पर नाते अभंग राहते. बांधकाम-परवानगीच्या नियमांतही, भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेने, प्रस्तावित बांधकाम लाल रंगाने आणि पाडावयाचे बांधकाम पिवळ्या रेघांनी दाखवावे, असा दंडक असल्याने रेषेचे रूप ही सरकार-दरबारी रुजू होणारी साक्ष ठरते.

२००० साली प्रथम बाजारात आलेल्या आणि २००२ साली ऑटोडेस्क कंपनीने विकत घेतलेल्या रेव्हिट या संगणक-प्रणालीने नकाशाची कल्पनाच पालटली. तीत रेघा ओढावयाच्या नसतात. भिंती, दारे, खिडक्या व जिने रचून संपूर्ण इमारतीची प्रतिमा उभारावयाची असते आणि प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन ही तिचीच निरनिराळी दर्शने असल्यामुळे, एके ठिकाणी सरकविलेली खिडकी सर्व नकाशांत आपोआप सरकते. रेषांच्या जाडीसाठी तीत १ ते १६ असे क्रमांक असून, प्रत्येक क्रमांकाची प्रत्यक्ष जाडी नकाशाच्या प्रमाणानुसार ठरविता येते. मात्र हे वाटप मुख्यतः वस्तूच्या जातीवरून आणि ती छेदली गेली की नुसती दिसते यावरून होते. परिणामी एलेव्हेशनमध्ये पुढची भिंत आणि तिच्यामागे वीस फुटांवर असलेली भिंत, दोघींच्याही वाट्याला सारखीच रेषा येते आणि जाणता आरेखक जी खोली दोन पेनांनी निर्माण करीत असे, ती हरपून चित्र सपाट दिसू लागते.

या उणिवेवर अनेक कार्यालयांनी जी तोड काढली आहे, तिचाच विचार येथे कर्तव्य आहे. तयार दर्शन डीडब्ल्यूजी स्वरूपात ऑटोकॅडमध्ये किंवा पीडीएफ करून इलस्ट्रेटरमध्ये न्यावयाचे आणि तेथे एकेक रेषा निवडून जाड-बारीक करावयाची, हा तो मार्ग होय. स्पर्धेसाठी वा प्रदर्शनासाठी मांडावयाच्या चित्राला तो खुशाल अवलंबावा. पण बांधकामाच्या जागी जाणाऱ्या नकाशाला तो लागू करणे मला सर्वथा गैर वाटते. कारण पीडीएफमध्ये गेलेल्या भिंतीचे भिंतपण संपते, तिच्या चार सुट्या रेघा होतात. डीडब्ल्यूजीमध्ये निदान लेयरचे नाव टिकते, पण मूळ प्रतिमेशी असलेला जिवंत संबंध तेथेही तुटतोच. त्या क्षणापासून दप्तरात एकाच इमारतीचे दोन दाखले नांदू लागतात : एक खरा, पण ओबडधोबड; दुसरा देखणा, पण बदलाची वार्ता न पोहोचलेला.

एका कामावर याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. स्नानगृहाची खिडकी मूळ प्रतिमेत नऊ इंच सरकविली गेली होती. परंतु आदल्या आठवड्यात बाहेर नेऊन मोठ्या कष्टाने सुधारलेली प्रत पुन्हा घडविण्यास सवड नव्हती, म्हणून तीच साइटवर गेली. गवंड्याने कागदाबरहुकूम काम केले आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याच हातांनी ती भिंत फोडावी लागली. त्याच्या कामात कसूर नव्हती. नकाशा सुरेख होता, म्हणूनच त्यावर कोणी शंका घेतली नाही.

यास्तव रेषेचा विवेक मूळ प्रतिमेतच रुजविला पाहिजे. प्रत्येक जातीच्या वस्तूची जाडी आरंभीच ठरवून ती व्ह्यू टेम्पलेटमध्ये, म्हणजे दर्शनाच्या ठरावीक साच्यात, बांधून ठेवावी, दूरच्या वस्तू फिकट करणारी सोय वापरावी आणि पुढच्या भिंतीच्या कडेसारखी एखादी रेषा ठळक करावयाची असेल, तर त्याच प्रणालीतील लाइनवर्क हे साधन हाती घ्यावे. ही तजवीज करण्यात काही दिवस मोडतील खरे, पण ते एकदाच. बाहेर सुधारलेल्या नकलेवरचे श्रम मात्र प्रत्येक फेरफारागणिक नव्याने करावे लागतात. एवढे करूनही नक्कल बाहेर न्यावीच लागली, तर तिच्यावर तारीख घालून ‘बांधकामासाठी नव्हे’ असा स्पष्ट शेरा मारावा.

आणि वास्तुकलेच्या महाविद्यालयांनी संगणकापूर्वी विद्यार्थ्याच्या हाती पेन्सिल द्यावी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत वास्तुविभागाचे प्रमुखपद भूषविलेल्या क्लॉड बॅटली यांनी भारतीय वास्तूंच्या मोजून काढलेल्या नकाशांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यामागची श्रद्धा हीच की, हाताने मोजल्या-रेखल्यावाचून इमारत डोळ्यांत भरत नाही. कोणती रेषा जाड असावी हे ज्याच्या हाताला उमगले आहे, तो ते यंत्राला आरंभीच बजावून सांगेल. मग नकाशा देखणा करण्यासाठी त्याला खरेपणाच्या बाहेर नेण्याची गरज उरणार नाही.