बाकाची दोन टोके

सुट्टीत गावी जाताना सुरत-भुसावळ मार्गावर नवापूर स्थानक लागते. लिंबायतमधील आम्हा खानदेशी घरांच्या मुलांना ते चांगलेच परिचित आहे. गुजरात व महाराष्ट्र यांची सीमा त्या स्थानकातूनच जाते आणि तेथील एका बाकावर दोन्ही राज्यांची नावे रंगविलेली आहेत. एका टोकाला दारूबंदी. दुसऱ्या टोकाला परवाना असला की पुरे! बाकावर बसलेल्या माणसाच्या जठराला मात्र या सीमेची वार्ता नसते.

गुजरात राज्य १९६० साली स्थापन झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. मूळ कायदा १९४९ चा, मुंबई प्रांताचा. तो असावा, असेच आमचे मत आहे. तथापि सायंकाळी कोणाच्या तोंडाला वास येतो, हे आमच्या गल्लीतील लहान मुलांनाही ठाऊक असते. ते लपवून हा लेख लिहिण्यात काय अर्थ?

यंत्रमागावर बारा तास उभा राहून आलेला माणूस म्हणतो, "थोडी घेतली की भूक लागते, अन्न पचते." वडीलधाऱ्यांशी वाद घालण्याचे आमचे वय नव्हे, परंतु पचनसंस्थेचा धडा आम्हीही वाचला आहे. भूक क्षणभर चाळवत असेल, पचन मात्र सुधारत नाही. मद्यार्क काही अंशी जठरातून व बहुतांशी लहान आतड्यातून सरळ रक्तात शिरतो, आणि रिकाम्या पोटी तर फारच त्वरेने. वाटेत तो जठराच्या आतील नाजूक अस्तराचा दाह करतो. अन्ननलिकेच्या तळाशी असलेला स्नायूंचा वेढा त्याने सैल पडतो व आम्ल वर चढते. पुढे बी-१ जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्ल आतड्यांतून नीट शोषले जात नाही. म्हणजे घरच्या माउलीने पहाटे उठून थापलेल्या भाकरीचे सत्त्वही अंगी पुरते लागत नाही! कित्येकांच्या स्वादुपिंडास सूज येऊन असह्य कळा सुरू होतात.

"जेवून घेतली की बाधत नाही," असेही सांगतात. जेवणाने ती रक्तात सावकाश उतरते इतकेच. तिचा निचरा करण्याचे ओझे बव्हंशी यकृतावरच पडते. आणि यकृत हा अवयव मोठा सोशिक! प्रथम त्यात चरबी साचते, तरी बहुधा काही दुखत नाही. या टप्प्यावर मद्य सोडले तर काही आठवड्यांतच ती ओसरू लागते. पुढे दाह, मग व्रण, मग यकृत आक्रसते. पोटात पाणी साठते, प्रसंगी रक्ताची उलटी होते. तेथून मागे फिरणे कठीण. मद्यामुळे कर्करोग होतो, हे तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नमूद केले आहे. अन्ननलिका, यकृत व मोठे आतडे ही त्याची काही ठिकाणे.

आम्हास खरी चिंता वाटते ती निराळीच. जे बंद आहे ते उघड बोलता येत नाही. घरात त्याला 'ॲसिडिटी' म्हणतात, शेजारी 'कावीळ झाली' म्हणून सांगतात, आणि दवाखान्यातही तेच उत्तर दिले जाते. मग वैद्याने निदान कशावरून करावे? शिवाय नित्य पुष्कळ पिणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास कंप सुटतो, क्वचित झटकेही येतात. म्हणून सोडतानाही डॉक्टरांचा सल्ला हवा. तो मिळण्यासाठी किती, किती वर्षे आणि शेवटची केव्हा, या तीन प्रश्नांची खरी उत्तरे द्यावी लागतात. वडिलांना ती देण्याचा संकोच वाटत असेल, तर सोबत गेलेल्या मुलाने द्यावीत.