जालन्यात खोल्या भाड्याने दिल्यात? मग दुरुस्तीचा हिशोब एकदा समजून घ्या

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुन्या व्यापारपेठेची. आता इथली बचत विटा-सिमेंटमध्येही जाते. स्टीलच्या कारखान्यांतले परराज्यातले कामगार आणि बियाणे कंपन्यांचे कर्मचारी आधीपासून होतेच. त्यात 2018 ला आयसीटीचं केंद्र आलं, डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला, 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्यामुळे खाली स्वतः राहायचं आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, हे गणित अनेकांना जमणारं वाटतं.

पण या गणितात दुरुस्ती बहुतेक वेळा धरलेलीच नसते. गच्चीला भेग पडली, खोलीत ओल आली, की “पुढच्या वर्षी बघू”.

याला करव्यवस्थाही थोडी जबाबदार आहे. समजा, वर्षाचं भाडं 96,000 रुपये आणि मालमत्ता कर 4,000 रुपये. कर वजा जाता उरतात 92,000. त्यावर प्राप्तिकरात सरसकट 30 टक्के, म्हणजे 27,600 रुपयांची वजावट मिळते. गच्चीवर 60,000 खर्च केले तरी तेवढीच, आणि वर्षभर एक खिळाही ठोकला नाही तरी तेवढीच. म्हणजे दुरुस्ती टाळणाऱ्याला पूर्ण सूट आणि करणाऱ्याला जादा काहीच नाही.

भाडे कायदा मात्र उलट बोलतो. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद संस्थानच्या वारशातला 1954 चा कायदा होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ने घेतली. त्याच्या कलम 14 नुसार घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. मालकाने लक्ष दिलं नाही, तर भाडेकरू किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. म्हणजे वरच्या उदाहरणात 24,000 रुपये.

यात एक मेख आहे. 11 महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. त्यामुळे नळ, वायरिंग, ओल, रंग यांपैकी काय कुणाकडे, हे करारातच लिहिलेलं बरं. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात अशी वाटणी दिली आहे : भिंती-छत, रंग, पाइप मालकाकडे, नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, स्विच राहणाऱ्याकडे. नमुना म्हणून ती चांगली आहे. आणि करार नोंदवणं ही मालकाचीच जबाबदारी. नोंदणी नसेल तर वादात राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

आता सुधारणा. जालन्यात टाइल्सपेक्षा आधी पाण्याचा विचार करावा लागतो. 2012-13 च्या दुष्काळात शहर टँकरवर जगलं. नंतर जायकवाडीची जलवाहिनी आली, तरी नळाला रोज पाणी येत नाही आणि उन्हाळ्यात बोअर आटतात. अशा गावात मोठा हौद असलेली खोली रिकामी राहण्याची शक्यता कमी. गच्ची 1,000 चौरस फुटांची आणि पाऊस 600 मिलिमीटर धरला, तर गळती-बाष्पीभवन वजा करूनही सुमारे 45 हजार लिटर पाणी बोअरमध्ये मुरवता येतं. पाइप आणि गाळणी एवढंच काम, पण ते गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबरोबर मे महिन्याआधी उरकायला हवं.

जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत अशा सुधारणेचा खर्च वसूलही होतो. कायद्याने वर्षाला 4 टक्के भाडेवाढ करता येते. त्याशिवाय 70 टक्के भाडेकरूंची लेखी संमती असेल, तर सुधारणेच्या खर्चाच्या 15 टक्क्यांपर्यंत वार्षिक वाढ चालते. हौदाला 60,000 लागले तर महिन्याला एकूण 750 रुपये.

गवंड्याची, प्लंबरची पक्की बिलं मात्र जपून ठेवावीत. घर विकताना हौद, नवा मजला असा भांडवली खर्च मूळ किमतीत मिळवता येतो आणि नफ्यावरचा कर तेवढा कमी होतो. रंगकाम आणि किरकोळ डागडुजी त्यात धरली जात नाही.