शेवटी 'एस' लावला की झालं?

परवा जुन्या कोडमध्ये एक ओळ सापडली: आकडा एकपेक्षा मोठा असेल तर शब्दाला शेवटी 'एस' चिकटवा. झालं अनेकवचन! लिहिणारा अस्मादिकच :-)

आता पश्चिम आफ्रिका बघा. घानातल्या अकान भाषेत बदल शब्दाच्या सुरुवातीला होतो: 'अबोफ्रा' म्हणजे मूल, 'म्मोफ्रा' म्हणजे मुलं. एवे भाषेत 'डेवी'ला मागून 'वो' लागतो: 'डेवीवो'. योरुबात 'ओमो' तसाच राहतो, गरज पडली तर आधी 'आवोन' येतो. आकडा असेल तर तोही लागत नाही. सेनेगलच्या वोलोफमध्ये 'खले बि' एक मूल, 'खले यि' अनेक. बदलतो तो मागचा चिमुकला शब्द. आणि या सगळ्या एकाच नायजर-काँगो कुळातल्या!

नाम बदलत नाही म्हणून भाषा मागास, असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं. आपला 'दगड' तरी कुठे बदलतो? एक दगड पडला, दोन दगड पडले. अनेकवचन क्रियापदानं सांगितलं, इतकंच.

तेव्हा मंडळी, प्रोग्रॅममध्ये शब्दांचे तुकडे जोडत बसू नका. भाषांतर करणाऱ्याला अख्खं वाक्य द्या. अनेकवचन कुठे ठेवायचं ते त्याची भाषा ठरवेल. माझी ओळ मी कालच उडवली.