आवाज न करणारी रायफल

गेल्या महिन्यात सावनेरला ताईकडे गेलो होतो. भाचा आठवीत. नागपूरला एका रेंजवर पाच-सहा वेळा जाऊन आलाय आणि आता घरी सरावाला एअर रायफल पाहिजेच म्हणून हटून बसलाय. कारण विचारलं तर "स्वप्नील कुसाळे". २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नीलनं ब्राँझ मिळवलं, तेव्हापासूनचं हे वेड. (ते पदक ५० मीटरचं, काडतुसाच्या रायफलीचं. छऱ्याच्या रायफलीतला आपला माणूस म्हणजे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, २०२२ चा जगज्जेता. पण आठवीतल्या पोराची चूक काढून मला काय मिळणार!)

ताईच्या अटी दोन. स्वस्त हवी आणि आवाज नको, कारण भिंतीला भिंत लागून शेजार आणि आतल्या खोलीत सासूबाई आजारी. तिसरी अट भाऊजींनी जेवताना हळूच सोडली, "थोडी जोरदारच घेऊ. संत्र्याच्या बगिच्यात वानरं येऊन राहिली, तिथंही कामी येईल."

तिसरी अट मान्य केली की पहिल्या दोन्ही मेल्या, हे माझं मत. आणि ते मी गणितानं सांगतो, कारण आकडा दिसला की हिशोब केल्याशिवाय आमच्या धंद्यातल्या माणसाला झोप येत नाही.

दुकानात रायफल विकतात वेगावर. "हजार फूट सेकंदाला" म्हणजे ३०५ मीटर. साधा शिशाचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा. त्याची ऊर्जा येते जवळपास २५ ज्यूल. आता २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर नळी आणि २० ज्यूल इथपर्यंतच परवाना लागत नाही. म्हणजे तो आकडा एकतर हलका छर्रा वापरून काढलाय, किंवा रायफलीला परवाना हवा. दुकानदाराला हे विचारून बघा, विषय बदलतो :) आणि हलका छर्रा आणखी जोरात मारला की तो ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे ३४० मीटरला जातो. मग चाबूक ओढल्यासारखा जो आवाज होतो, तो नळीला काहीही लावलं तरी जात नाही.

उलट १० मीटरच्या स्पर्धेतली रायफल छर्रा फेकते १७५ मीटरच्या आसपास. जेमतेम आठ ज्यूल. त्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पोरं तो उडवतात. म्हणजे शिकायला वेग लागतच नाही. कमी ताकदीची घ्या, शांतता त्यात जवळपास फुकट मिळते.

हवा भरून ठेवायची पीसीपी रायफलही मिळते, पण तिला पंप लागतो, आणि परदेशी स्पर्धेची रायफल घ्यायची तर लाखांतच बोलायचं. त्यामुळे आमची निवड ठरली: नळी मोडून भरायची, मऊ स्प्रिंगची, देशी बनावटीची साधी रायफल. दुर्बीण नाही. स्प्रिंगचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, स्वस्त दुर्बिणी त्यात खिळखिळ्या होतात. आत तेलही ओतायचं नाही. ते दाबानं पेटतं आणि फटाक्यासारखं वाजतं. वाचलेले पैसे छऱ्यांना.

गंमत म्हणजे खरा गोंगाट रायफलीचा नव्हताच. पहिल्या दिवशी पोरानं लक्ष्यामागे पत्र्याचा डबा ठेवला आणि अख्ख्या गल्लीला कळलं. मग संत्र्याची लाकडी पेटी घेतली, मागे जाड प्लायवूड, आत जुनी लुगडी आणि रद्दी गच्च. आता "थप्" एवढंच. शिसं कठीण वस्तूवरून उलटं येतं, म्हणून डोळ्यांना चष्मा सक्तीचा. मागचं अंगण साडेआठ मीटरच भरलं, तेव्हा लक्ष्य ८५ टक्के आकारात छापून दिलं.

आता जे मला आधी सुचलं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी पोरगं नेम धरून उभं, आणि ताई कपड्यांची बादली घेऊन मागच्या दारातून थेट पेटीसमोर आली. आवाज नव्हता ना, तिला कळणार कसं! मी ओरडलो. पोराचं बोट चापावर नव्हतं, एवढंच नशीब. आठ ज्यूल म्हणजे काही नाही असं मीच सकाळी सांगितलं होतं, पण डोळ्याला ते पुरतात. आता दाराला आतून कडी लागते, कडीवर लाल ओढणी अडकते आणि भाऊजी शेजारी बसल्याशिवाय रायफल कपाटातून निघत नाही.

भाऊजींना वानरांचंही सांगितलं. या छऱ्यानं वानर मरत नाही. शिसं कातडीखाली राहतं आणि जखम सडते. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. ते म्हणाले, "मग संत्री कोण वाचवणार, तू येतोस का पुण्याहून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बगिच्याला त्यांनी आता एक कुत्रा आणलाय. तो मात्र भरपूर आवाज करतो.