ओटा कुणाच्या मापाचा?

मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं न्यू जर्सीत होतो. तिथल्या मोठ्या मापांची पहिली ओळख दुधानं करून दिली. एक गॅलनचा कॅन, म्हणजे पावणेचार लिटरच्याही थोडं वर! एका हातानं ओतायचा तर मनगटाची परीक्षाच. आपल्याकडे अर्ध्या लिटरची पिशवी रोज दारात येते. तिथे आठवड्याची खरेदी एकदाच, गाडीतून. म्हणून कॅन मोठा आणि फ्रिजही कपाटाएवढा. यामागचं कारण तरी पटण्यासारखं होतं.

खरा त्रास दिला तो ओट्यानं. तिथे ओट्याची उंची साधारण ठरलेली, ३६ इंच. खालची भांडी धुण्याची यंत्रं त्याच मापानं बनतात. माझी उंची ४ फूट ११ इंच. पोळी लाटायला गेले की खांदे वर चढायचे आणि लाटण्यावर जोर काही यायचा नाही. शेवटी पायाखाली बुटकं लाकडी स्टूल घेतलं. म्हणजे यंत्राचं माप बघितलं, बाईचं नाही!

पण मैत्रिणींनो, आपल्याकडे तरी कोण बघतं? आजीच्या काळी चूल, विळी, पाटा सगळं जमिनीवर. मग उभा ओटा आला आणि त्याची उंची गवंड्याच्या सवयीवर गेली. उंच बाई दिवसभर वाकून कणीक मळते, कंबर धरली की ‘वय झालं’ म्हणायचं. फरशीच्या रंगासाठी चार दुकानं पालथी घालणारे आपण, ओट्यापाशी मात्र टेप लावत नाही.

माप काढणं काही अवघड नाही. सरळ उभं राहून हात कोपरात वाकवायचा. कोपरापासून चार-सहा इंच खाली ओटा आला की चिरणं, लाटणं सोपं जातं. कणीक मळायला आणखी थोडा खाली चालतो. एकाच घरात सासू बुटकी, सून उंच असेल तर? जी जास्त वेळ उभी राहते तिचं माप घ्या. (ती कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं!)

आमच्या बचत गटातल्या एकीचं घरकुल बांधत होते. ओट्याची उंची विचारली तर गवंडी म्हणाला, “नेहमीचीच.” मी तिला तिथेच उभं केलं, टेप लावला. एक थर कमी करावा लागला. कुरकुरला, पण केला. निघताना मला हळूच म्हणाला, “वहिनी, आमच्या घरचाबी उंचच झालाय. बायको रोज बोलती.”